बँकॉकातला आपला माणूस

साहेब चालत असताना त्यांच्याशी बोलायचं नसतं, हे मला ऑफिसात कुणी सांगितलं नव्हतं. मुद्दामच सांगितलं नसणार. नव्या माणसाची फजिती बघायला मिळण्याइतकी दुसरी करमणूक मुखेडच्या त्या ऑफिसात नव्हती.

जमीन मोजणीच्या खात्यात मी नुकताच लागलो होतो. पहिल्याच आठवड्यात काठी धरून साहेबांच्या मागं एका वावरात गेलो. ते धुऱ्यावरून पुढं, मी मागं. शेताच्या बांधाला आमच्याकडं धुरा म्हणतात, आणि निम्म्या मराठवाड्याची भांडणं या धुऱ्यावरच उभी असतात. साहेबांचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप वगैरे चालला असेल. थोडी सलगी वाढवावी म्हणून मी विचारलं, "साहेब, जेवायला किती वाजता बसायचं?"

साहेब थांबले. एक बोट वर केलं. बराच वेळ ते तसंच ठेवलं.

"चारशे बारा झाली होती," ते म्हणाले. "आता गेली."

आणि ते वळून सबंध धुरा मागं चालत गेले, पहिल्या दगडापासून पुन्हा पावलं मोजायला. मीही मागोमाग. मे महिना होता. त्या दिवशी आम्ही जेवलो साडेतीनला.

त्यांना मशीन मिळालेलं होतं. उपग्रहावरून माप घेणारं, चांगलं नवं मशीन. सरकारी मोजणी त्यावरच व्हायची आणि साहेब ती चोख करायचे. पण आदल्या दिवशी ते एकटेच त्या गावाला जायचे आणि ज्या शेताची मोजणी आहे त्याच्या चारी धुऱ्यांवरून पायी फिरून यायचे. कुणाला कळवायचं नाही, कुणाला सोबत घ्यायचं नाही; त्या पहिल्या फजितीनंतर मलाही नाही. "मशीन माप सांगतंय," म्हणायचे. "जमीन कशी हाय ते पायालाच कळतंय. आणि माणसं बोलायला लागायच्या आधी जाऊन यावं लागतंय. एकदा का माणसं बोलली, की जमीन गप बसती."

खरं तर ते साहेब नव्हते. खरे साहेब आतल्या खोलीत बसायचे आणि दर दोन-तीन वर्षांनी बदलायचे. हे बाहेरच्या टेबलाला, मोजणीदार म्हणूनच. पण शिवारात साहेब म्हणजे हेच. त्यांचा एक विक्षिप्तपणा असा, की ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणायचे. शिपायाला तुम्ही, शेंबड्या पोराला तुम्ही. एकदा धुऱ्यावर आडवा बसलेला बैल उठेना, तर त्यालाही म्हणाले, "जरा सरकता का?" आम्ही पोटं धरून हसलो. बैल उठला, ही गोष्ट वेगळी.

दुसरा विक्षिप्तपणा चहाचा. मोजणीला गेल्यावर साहेब कुणाच्या घरचा चहा घेत नसत, पाणीसुद्धा नाही. पिशवीत स्वतःची बाटली, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. लिंबाखाली बसून एकटे खायचे. लोक म्हणत, लई कडक माणूस. मीही तेच म्हणायचो.

हा कडकपणा एकदा माझ्या अंगाशी आला. दोघा भावांच्या शेताची मोजणी होती. थोरल्याच्या घरून ताक आलं, कोथिंबीर वगैरे घातलेलं. साहेब मशीन लावण्यात गुंतलेत असं बघून मी तांब्याच उचलला. तोंड पुसतोय तोवर साहेब मागं उभे.

"पाटील," ते म्हणाले. आमच्या घरात कधीकाळी पाटीलकी होती एवढ्यावर ते मला पाटील म्हणायचे, आणि त्या शब्दात मान किती आणि चिमटा किती हे मला शेवटपर्यंत मोजता आलं नाही. "पाटील, किती पिलात?"

"एक तांब्या."

"मग आता धाकट्याकडं पण एक तांब्या प्यायला पाहिजे. माप सारखं ठेवा."

धाकट्याचं ताक दोन दिवसांचं होतं. तरी मी प्यालो. त्या मोजणीत पुढं मी काठी धरून उभा राहण्यापेक्षा काठी सोडून पळण्यातच जास्त वेळ घालवला. साहेबांनी तेव्हाही आवाज चढवला नाही. मी झाडीतून परत आलो, की नुसतं विचारायचे, "सारखं झालं का?"

साहेब बिलोली तालुक्यातले. बौद्ध. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि आमच्याकडं ते सांगावंही लागत नाही. आडनाव आणि गाव कळलं, की उरलेलं माणूस मनातल्या मनात मोजून घेतो. मीही पहिल्या दिवशी मोजून घेतलं होतं आणि मोजून घेतलंय हे विसरूनही गेलो होतो.

त्यांच्या निरोप समारंभाला ऑफिसात मंडप घातला. आमच्याकडं रिटायर होणाऱ्या माणसानं पुढचा बेत जाहीर करायचा रिवाज आहे. कुणी काशीला जातो, कुणी शेतात विहीर पाडतो. साहेब उठले, सगळ्यांचे आभार मानले, आणि म्हणाले, "मी पासपोर्ट काढलाय. पाच वर्षं झाली काढून. मी आठ दिवस बँकॉकला जाणार हाय. एकटा."

 मंडपात मागच्या रांगेतून फिसफिस सुरू झाली. बँकॉकला एकटा जाणारा पुरुष म्हटलं की आमच्या जिल्ह्यातल्या माणसाच्या डोळ्यापुढं काय येतं, ते लिहायची गरज नाही. आणि नेमकं आभाराचं भाषण माझ्याकडं होतं. माईक हातात आला की माझी अक्कल खाली बसते. मी म्हणालो, "साहेबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी मोजल्या. आता तिकडं जाऊन स्वतः कुठली हद्द ओलांडतात, त्याचा पंचनामा करायला एखादा माणूस सोबत पाठवायला पाहिजे!"

हशानं मंडप कोसळला. आतले साहेब टेबल बडवून हसले. पहिल्या रांगेत काकू, म्हणजे साहेबांच्या मिसेस, निळ्या काठाच्या पांढऱ्या साडीत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मान खालीही घातली नाही. साहेबांनी पिशवीतून स्वतःची बाटली काढली, दोन घोट पाणी प्यायले आणि झाकण लावलं.

त्या रात्री बायको म्हणाली, "तुम्हाला लाज कशी वाटत नाही हो?" वाटत होती. पण मला लाज वाटली, की मी गप्प बसत नाही. काहीतरी उपकार करायला निघतो. हा माझा जुना दोष आहे.

दुसऱ्या रविवारी मी नांदेडला त्यांच्या घरी गेलो. तिकीट काढणं, हॉटेल बघणं, फोनवरची ती सगळी कामं मला येतात आणि साहेबांना येत नव्हती. माझ्या भाषणाबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. फरशीवर त्यांनी बँकॉकचा भला मोठा नकाशा पसरला होता, दुकानातून छापून आणलेला, चार कागद चिकटवून.

"पाटील, या शहराची हद्द कुठं संपती?"

"शहराला कुठं हद्द असते साहेब? पसरतच असतं."

"हे बरं हाय," ते म्हणाले, आणि नकाशातल्या नदीवरून बोट फिरवत राहिले.

काकू चहा घेऊन आल्या. मी त्यांना म्हणालो, "काकू, तुम्ही का नाही जात सोबत?"

"मला न्हाई बोलावलं," त्या हसून म्हणाल्या. "आन् मी जाणारबी न्हाई. सदतीस वर्षं माझ्यासंगं ऱ्हायला माणूस. आठ दिवस एकटा ऱ्हाऊ द्या की."

"पण तिथं ओळखीचं कुणी?"

"न्हाई," साहेब म्हणाले.

"मी बघतो ना. असतो कुणीतरी आपला माणूस."

"नको, पाटील."

"अहो, त्यात काय त्रास?"

"नको म्हणलं ना. मला कुणी नको."

आता, आमच्याकडं 'नको' या शब्दाला काय किंमत आहे? जेवायला बसलेल्या माणसानं तीनदा नको म्हटल्याशिवाय चौथी भाकरी पानात पडत नाही. नको म्हणजे आग्रह करा. मी साहेबांचा नको ऐकला आणि मनात म्हणालो, बघा, किती भिडस्त माणूस.

दोन दिवस मी फोनला चिकटून होतो. बायकोचा मावसभाऊ उदगीरला, त्याचा साडू लातूरला, त्या साडूबरोबर बारावीला एका खोलीत राहिलेला एक जण इंजिनियर होऊन बँकॉकला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात. सातव्या फोनला सापडला. बहिणीचं स्थळ जमलं तेव्हाही मला एवढा आनंद झाला नव्हता. मी त्याला म्हणालो, "आमचे साहेब आहेत. देवमाणूस. पहिल्यांदाच परदेशी, तेही एकटे." तो म्हणाला, "एकटे कसे? आम्ही मेलो का काय हो! काळजीच सोडा." आवाज ऐकून वाटलं, लातूर हैदराबादच्या अलीकडं नसून बँकॉकलाच आहे.

साहेबांना मी काही सांगितलं नाही. अचानक आपला माणूस समोर दिसला, की काय वाटेल त्यांना! नांदेडहून हैदराबादची एसटी त्यांना मीच गाठून दिली. खिडकीत बसले होते, मांडीवर एकच पिशवी. इतकं हलकं बसलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर फोटो आला. बँकॉकचं विमानतळ. लातूरच्या त्या भल्या माणसाच्या हातात पुठ्ठ्याची पाटी, मराठीत: 'मुखेडचे साहेब, सुस्वागतम्'. साहेबांच्या गळ्यात फुलांचा हार. आणि साहेबांचा चेहरा पंचनाम्यावर सही करायला लावलेल्या साक्षीदारासारखा. मला तो चेहरा दिसला नाही. मला पाटी दिसली, हार दिसला. मी तो फोटो तीन ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आपला माणूस सगळीकडे असतो.' शंभरावर अंगठे आले.

साहेब परतले. आठवडा गेला, दोन गेले, आभाराचा फोन नाही. मी लातूरच्या माणसाला विचारलं, काय हो, साहेब खूश होते ना?

"बोलत कमी होते," तो म्हणाला. "पण तुम्ही सांगितल्याप्रमाणं केलं बघा. एक मिनिट एकटं सोडलं नाही."

हे वाक्य ऐकतानाही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. उलट मला साहेबांचा रागच आला. एवढं करून एक शब्द नाही! आणि एका शनिवारी मी आभार वसूल करायला नांदेडला जाऊन धडकलो.

साहेब घरीच होते. काकूंनी दार उघडलं, बसा म्हणाल्या आणि आत गेल्या. मी हसत हसत म्हणालो, "काय साहेब, कसा वाटला आपला माणूस?"

साहेबांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

"पाटील, मी तिथं कशाला गेलतो?"

"फिरायला."

"फिरायला हैदराबाद होतं की."

माझं हसू जरा आवरलं. 

"विमानातनं उतरल्यापासनं बाहेर येईपर्यंत मला तीन जणांनी विचारलं, कुठले," साहेब सांगू लागले. ऑफिसात जबाब वाचून दाखवायचे त्याच सपाट आवाजात. "मी इंडिया म्हणलं. त्यांनी मान हलवली. संपलं. पुढचा प्रश्नच न्हाई. माझं सगळं आयुष्य त्या पुढच्या प्रश्नात गेलंय, पाटील. कुठले? बिलोलीकडचे. बिलोलीत कुठं? आडनाव काय? मग समोरचा जरासा थांबतो. लई न्हाई. पापणी मिटून उघडावी एवढाच. मग म्हणतो, चहा घ्या की साहेब. त्या थांबण्यानंतरचा चहा मला घशाखाली उतरत न्हाई. म्हणून मी कुठंच घेत न्हाई. लोकांना वाटतंय, इमानदार माणूस."

आतून भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला.

"एकदा बघायचं होतं. जिथं पुढचा प्रश्न न्हाई, अशा गावात आठ दिवस कसं वाटतंय. तिथं मी कुणाचाच नसणार. कुणाच्या वरचा न्हाई, कुणाच्या खालचा न्हाई. नुसता एक म्हातारा, पिशवी घेतलेला. पाच वर्षं त्याच्यासाठी पासपोर्ट सांभाळला. आन् ते सरकतं दार उघडलं, तर समोर पाटी."

"साहेब, मला वाटलं..."

"घरी नेलं त्यांनी. चार बिऱ्हाडं जमली होती. लई चांगली माणसं, बोट ठेवायला जागा न्हाई. पुरणपोळी केलती. बसलो. आन् मालकानं विचारलं, बिलोलीत कुठले तुम्ही? सांगितलं. आडनाव? सांगितलं. थांबले. मग म्हणाले, साहेब, आम्ही असलं काही मानत न्हाई बरं का, बिनधास्त बसा. तीनदा म्हणाले. त्यांच्या मिसेस पण एकदा म्हणाल्या." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "पाटील, मी बिनधास्तच बसलो होतो."

मी म्हणालो, "पण त्यांच्या मनात काही वाईट..."

"काहीच न्हाई. वाईट असतं तर उठून आलो असतो. रजा टाकली त्या माणसानं माझ्यासाठी. गाडी घेऊन दारात उभा ऱ्हायचा रोज सकाळी. असल्याला टाकून कसं जायचं? आठ दिवस त्याच्या गाडीत बसून फिरलो. गाडीत मराठी गाणी." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "मी आठ दिवस मागितले होते. अठ्ठावन्न वर्षांतले आठ. आन् तुम्ही मुखेड उचललंत आणि तिथं नेऊन ठेवलंत."

आजवर मी बऱ्याच फजित्या केल्यात आणि त्या चारचौघांत रंगवून सांगितल्यात. ताकाची सांगितली, मंडपातलीही सांगितली. ही मी आज पहिल्यांदा सांगतोय. त्या क्षणी काय करावं ते मला कळेना. पाया पडावं तर ते पाय मागं घेतील. माफी मागावी तर तेही आणखी एक भाषण.  काकू बाहेर आल्या, माझ्यापुढं चहा ठेवला आणि म्हणाल्या, "घ्या. निवून चाललाय." मला तो चहा कसा घशाखाली उतरवावा ते कळत नव्हतं. तरी उतरवला.

पुढं पाच-सहा महिने मी त्यांच्याकडं फिरकलो नाही. दिवाळीनंतर एकदा दुपारी फोन आला.

"पाटील, मोजणी अर्धी राहिली. पुन्हा जायचं हाय."

"बँकॉक?"

"तेच. अर्ध्यातनं गाव बदलत नसतेत. तिकीट काढा. आन् पाटील, हे तिघांना म्हाईत. हिला, मला आन् तुम्हाला. तुम्हाला सांगायचं का न्हाई, याचा लई विचार केला. पण मला ते बटण दाबायला येत न्हाई."

मी तिकीट काढलं. आणि त्यानंतर माझी जी अवस्था झाली, ती पोटात कळ घेऊन लग्नाच्या पंगतीत बसलेल्या माणसाची. मी बातमी ठेवणारा माणूसच नाही. ऑफिसात कुणी म्हणालं, "साहेब दिसेनात हल्ली?" मी म्हणालो, "बिलोलीला गेलेत, शेतात काम निघालंय." एकाला बिलोली, दुसऱ्याला आजारी बहीण, तिसऱ्याला आणखी काही. तिघं टपरीवर एकत्र भेटले आणि माझ्याकडं आले. मी म्हणालो, बहीण बिलोलीलाच असते आणि शेतात काम करताना आजारी पडली. त्यांनी माझ्याकडं फार वेळ पाहिलं. त्यातच लातूरच्या भल्या माणसाचा मेसेज: 'साहेबांना म्हणावं, पुढच्या खेपेला थेट घरीच उतरायचं!' मी हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि फोन उशीखाली ठेवला.

पहिले दोन दिवस साहेबांनी संध्याकाळी काकूंना फोन केला. पोचलो, जेवलो, एवढंच. तिसऱ्या दिवशी फोन आला नाही. चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी दुपारी काकूंचा मला फोन आला. आवाज नेहमीचा होता, पण बोलायच्या आधी त्या दोनदा खाकरल्या.

"तुमच्या त्या माणसाचा नंबर हाय ना अजून?"

"आहे काकू."

"त्यांचा फोन बंदच लागून ऱ्हायलाय. दोन दिस झाले." त्या पुन्हा खाकरल्या. "मला काही सुचंना बघा. तुम्हीच सांगा, काय करावं."

नंबर माझ्यासमोर होता. एक फोन केला असता, तर तो देवमाणूस कारखान्यातून उठून निघाला असता, चारी बिऱ्हाडं निघाली असती, तासाभरात हॉटेलात पोचली असती. साहेब कुठं तरी पडले असले, हरवले असले, तर हेच करायला हवं होतं. आणि पडले नसले, नुसते चालत असले, तर? पुन्हा दार उघडायचं आणि समोर पाटी. तिसऱ्यांदा तिकीट काढायला ते मला सांगणार नव्हते. कदाचित कुणालाच सांगणार नव्हते.

माझा अंगठा त्या नंबरावर होता. मी आयुष्यात इतका वेळ एखादी गोष्ट न करता बसलेलो नाही.

"काकू," मी म्हणालो, "उद्या दुपारपर्यंत थांबू. त्यांनी कुणाला पाठवू नका म्हणून सांगितलंय."

"आन् काही झालं असंल तर?"

 "तर ते माझ्यावर," मी म्हणालो. म्हणायला सोपं होतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात एका शेताचं क्षेत्र तीनदा चुकीचं लिहिलं. सव्वाबाराला काकूंचा फोन आला. या वेळी त्या खाकरल्या नाहीत. "आला बाई फोन. चार्जरच बिघडला म्हणं. आन् नवा घ्यायचं सुचलंच न्हाई म्हणाले. मी बोल बोल बोलले त्यांना."

साहेब परत आल्यावर मी गेलो. उन्हानं काळवंडले होते, बूट बदललेले होते. या वेळी मी काहीच विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो, आणि मला फार जड गेलं. आम्ही दोघं गॅलरीत बसलो. मग तेच बोलले.

"नदीकाठी एक म्हातारी गाडा लावती. नूडल करती. मी रोज तिथं जायचो. सात दिवसांत मला तिथं कुणी एकच प्रश्न विचारला, पाटील. ती बोटं वर करून विचारायची, तिखट किती? एक का दोन का तीन?"

"मग?"

"पाच दाखवली." साहेब हसले. त्यांना हसताना मी पाहिलं होतं की नाही, मला आठवेना. "तिनं शेजारच्या गाड्यावरल्या बाईला बोलावलं, हा म्हातारा बघ म्हणून. दोघी बघत उभ्या. मी खाल्लं. डोळ्यांतनं धारा लागल्या. तिनं एक स्टूल दिलं, पाण्याचा ग्लास दिला. पाणी प्यालो. मग लई वेळ तसाच बसलो, डोळे पुसत. येणारे-जाणारे जात होते. कुणी थांबलं न्हाई."

डोळ्यांतलं पाणी तिखटाचंच होतं का, हे विचारायला माझी जीभ वळवळली. मी ती दाताखाली धरली. साहेबांना ते दिसलं असावं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं.

त्या संध्याकाळी मी मुखेडच्या एसटीत बसलो, तेव्हा मला स्वतःविषयी फार बरं वाटत होतं. आपण शिकलो, सुधारलो, असं काहीतरी. कंधारच्या अलीकडं शेजारी एक माणूस येऊन बसला. माझ्याच वयाचा, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कागदपत्रांची पिशवी. गाडीला उशीर, पुढच्या आठवड्यातला बाजार, असं बोलणं निघालं. बोलका होता. मला बरं वाटलं.

"कुठले तुम्ही?" मी म्हणालो.

"देगलूरकडचा."

"देगलूरकडं कुठं?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं. गाव माझ्या माहितीतलं निघालं, तिथं मी मोजणीला गेलो होतो.

"आडनाव काय म्हणालात?"

तो काही म्हणालाच नव्हता. माझं वाक्य तोंडातून निघून दोघांच्या मध्ये येऊन पडलं, आणि मग मला ते ऐकू आलं. त्यानं मांडीवरची पिशवी थोडी जवळ ओढली आणि खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कापलेली तूर होती.

"औंदा ऊन लवकरच सुरू झालंय," तो म्हणाला.

"हाव," मी म्हणालो. "लवकरच झालंय."

मुखेड येईपर्यंत मी त्याला पुढं काही विचारलं नाही. विचारायचं ते विचारून झालं होतं.